गोळी कानाजवळून गेली असती तर..

गेल्या शनिवारी डोंबिवलीला आई-बाबांकडे गेलो होतो. आईनं माळा आवरायला काढला होता आणि माळ्यावरून दोन गोणी भरून दिवाळी अंक निघाले. हंस, नवल, धनंजय, मोहिनी आणि आणखी कितीतरी, ज्यांची मुखपृष्ठं कधीच गळून पडली होती. आईनं रद्दीवाल्याला फोन करून ठेवला होता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त गोणीजवळ खुर्ची ओढून बसले. आमच्या घरात याचा अर्थ 'रद्दीवाल्याला नको म्हणून सांग' असा होतो.

हे अंक बाबांनी लालबागला असताना फुटपाथवरून घेतलेले. दिवाळी उलटून गेली की निम्म्या-पाव किमतीत मिळायचे. गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागलेला माणूस नवीन कोरा अंक कुठून घेणार? पण शिळे का होईना, घेतले आणि वाचले. माझं मराठी वाचन याच गोणीवर पोसलंय. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत 'नवल'मधल्या भुतांच्या गोष्टी वाचून रात्री मोरीपर्यंत जायची भीती वाटायची, ते आठवलं.

तर या शनिवार-रविवारचा विषय हाच. 'असं झालं असतं तर' छापाच्या गोष्टी, आणि त्यांना जागा देणारे छोटे छोटे अंक.

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो असं आपले इतिहासाचे मास्तर नेहमी सांगतात. पण माणसाला त्याशिवाय राहवत नाही, आणि हे आजचं नाही. अलेक्झांडरनं पश्चिमेकडे मोर्चा वळवून रोमवर स्वारी केली असती तर काय झालं असतं, याची चर्चा लिव्ही या रोमन इतिहासकारानं दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या इतिहासग्रंथातच करून ठेवली आहे. (रोम जिंकलं असतं, असं रोमन माणसाचं उत्तर. यात आश्चर्य काय!) १८३६ साली लुई जोफ्रुआ या फ्रेंच माणसानं नेपोलियन सगळं जग जिंकतो असं अख्खं पुस्तक लिहिलं. चर्चिलसाहेबांनीही हा उद्योग केलाय. जनरल ली गेटिसबर्गची लढाई जिंकला आहे अशा जगात बसलेला एक लेखक 'ली हरला असता तर' यावर निबंध लिहितो, अशी ती दुहेरी उलटी कल्पना. तो निबंध १९३१ च्या एका संग्रहात आहे.

पण हा प्रकार खऱ्या अर्थानं रुजला तो स्वस्त कागदावरच्या मासिकांत. मरे लीन्स्टर या लेखकाची 'साइडवाइज इन टाइम' ही कथा जून १९३४ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळे इतिहास एकदम शेजारी शेजारी येऊन बसतात, अशी ती कथा. त्या काळी अशा मासिकांना प्रतिष्ठित लोक हात लावत नसत. आणि आज पर्यायी इतिहासाच्या उत्तम लेखनासाठी जो पुरस्कार १९९५ साली सुरू झाला, त्याचं नाव या कथेवरूनच 'साइडवाइज' असं ठेवलंय. कचऱ्यात गेलेल्या कागदाचा असा सूड!

आपल्याकडेही काही वेगळं नाही. ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत पहिल्यांदा वाचायला मिळाली ती 'केरळ कोकिळ' नावाच्या मासिकात, आणि त्याचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे राहायचे कोचीनला. पुणे-मुंबईच्या भारदस्त मंडळींपासून इतक्या लांब बसून एक माणूस मराठी वाचकाला चंद्रावर नेत होता. पुढे अनंत अंतरकरांनी 'नवल' काढलं, खास अद्भुत, भयकथा, साहसकथांसाठी. त्यांच्यानंतर आनंद अंतरकरांनी ते चालवलं. 'सत्यकथा'वाल्यांनी ज्या कथेकडे बघितलंही नसतं, तिला इथं पहिलं पान मिळायचं. छोट्या अंकाचा हा मोठा फायदा. त्याच्याकडे गमावण्यासारखं फार नसतं, म्हणून तो वेडेपणा छापू शकतो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर कोणी प्रयोग करत नाही, प्रयोगासाठी कोपऱ्यातला टेस्ट सर्व्हर असतो. हे अंक म्हणजे मराठी साहित्याचे टेस्ट सर्व्हर.

आणि या टेस्ट सर्व्हरवरूनच आपल्याला नारळीकर मिळाले.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. १९७४ साल. जयंत नारळीकर केंब्रिजहून परत येऊन मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. नाव जगभर झालेलं, पद्मभूषण मिळालेलं. मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६) आपल्या पत्रिकेसाठी विज्ञानकथांची स्पर्धा घ्यायची. नारळीकरांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली आणि स्पर्धेला पाठवली. पण नारळीकर म्हणून नाही. नाव दिलं नारायण विनायक जगताप. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी: ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. आणि जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं!

मला यातली कथा जितकी आवडते तितकीच ही लबाडी आवडते. स्वतःच्या नावावर काहीही छापून आलं असतं. पण आपण लिहिलेलं खरंच बरं आहे का, हे त्या माणसाला तपासून बघायचं होतं. आम्ही ज्याला 'ब्लाइंड टेस्ट' म्हणतो ती त्यांनी स्वतःवर करून घेतली. पुढे १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली, 'किर्लोस्कर'कडून कथांची मागणी आली आणि मग गाडी थांबली नाही. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकरांचीच निवड झाली. २० मे २०२५ ला ते पुण्यात गेले. त्या दिवशी मी ऑफिसात एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये होतो. बातमी वाचली आणि पुढचा अर्धा तास कोण काय बोललं ते मला आजही सांगता येणार नाही.

असो. मुद्द्यावर येतो. त्यांची पर्यायी इतिहासाची कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ती संक्षिप्त रूपात 'द ॲडव्हेंचर' म्हणून आहे, त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या पोरांनाही ती ठाऊक असते. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. सभेचं अध्यक्षपद भूषवण्यात पटाईत, ९९९ सभा झालेल्या, हजारावी बाकी. पुण्याहून मुंबईला निघतात आणि वाटेतच कळतं की हे आपलं जग नाही. इथं मराठे पानिपत जिंकलेत. इंग्रज आहेत, पण मुंबईपुरते, आणि तेही भाडेपट्ट्यावर. पट्टा संपणार २००१ साली! गंगाधरपंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन बसतात आणि स्वतःच लिहिलेल्या इतिहासाचे खंड उलटतात. चार खंड ओळखीचे, पाचव्यात सगळं बदललेलं. शेवटी भाऊसाहेबांच्या बखरीत ती जागा सापडते. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात लागलेलीच नाही, कानाजवळून निसटून गेली आहे. एवढाच फरक.

नंतर पंत आझाद मैदानावरच्या एका व्याख्यानात शिरतात, अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून सवयीनं तिथं जाऊन बसतात आणि लोक टोमॅटो-अंडी मारतात, कारण त्या जगात अध्यक्ष ही भानगडच बंद झाली आहे. :-) परत येतात तेव्हा खिशात बखरीचं ते एक पान असतं. राजेंद्र देशपांडे हा त्यांचा वैज्ञानिक मित्र त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, त्या काळी गाजत असलेली कॅटॅस्ट्रोफी थिअरी: काही क्षणी सगळी परिस्थिती अशा कड्यावर उभी असते की तिळभर फरकानं ती या किंवा त्या बाजूला कोसळते. दुसरी, क्वांटम सिद्धांतातली अनिश्चितता. दोन्ही शक्यता, दोन्ही जगं.

कॉलेजात असताना ही कथा मी जीव टाकून वाचली होती. एक गोळी, एक तिळाचं अंतर, आणि दीडशे वर्षांची गुलामी गायब! कुठल्या मराठी मुलाला हे आवडणार नाही?

पण गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर आता ती वाचताना वेगळंच काहीतरी टोचतं. आमच्याकडे रात्री सिस्टिम पडली की दुसऱ्या दिवशी मीटिंग असते, मूळ कारण शोधायची. त्यात पहिलं कारण कधीच खरं नसतं. 'सर्व्हरची डिस्क भरली' हे कारण नाही. डिस्क भरत होती तेव्हा कोणाला कळलं का नाही? इशारा गेला होता तर तो कोणी वाचला का नाही? असं पाच वेळा 'का' विचारलं की मग कुठे खरं काय ते बाहेर येतं.

पानिपतला पाच वेळा 'का' विचारून बघा. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडले, भाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, हत्ती रिकामा दिसला आणि फौजेचा धीर सुटला. खरं आहे. पण त्या सकाळी ती फौज लढायला निघाली होती ती उपाशी. का? कारण नोव्हेंबरपासून पानिपतला कोंडून पडली होती आणि रसद तोडलेली होती. का? कारण ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये येऊन बसला होता, आणि रसदीचा भरवसा ज्यांच्यावर होता ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. बरं, आसपासचं कोणी मदतीला का आलं नाही? सूरजमल जाट आधीच बाजूला झालेला. राजपूत गप्प बसलेले. शुजाउद्दौला अब्दालीकडे गेलेला. आणि हे सगळे दुरावले ते एका दिवसात नाही. वर्षानुवर्षांच्या वसुलीनं आणि भांडणांनी दुरावले. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचलं की हे धागे किती लांबवर जातात ते कळतं.

आणि उलट बाजूही बघा. जिंकूनही अब्दालीला काय मिळालं? दोन-तीन महिन्यांत दिल्ली सोडून तो परत गेला. दहा वर्षांत, १७७१ साली, महादजी पुन्हा दिल्लीत होते. म्हणजे गोळी लागूनही इतिहासाची गाडी बऱ्यापैकी त्याच रुळावर परत आली. मग गोळी लागली नसती तर ती किती दूर गेली असती?

मग त्या गोळीनं बदललं तरी काय? मला वाटतं याचं उत्तर नकाशावर नाही, छावणीत आहे. भाऊंच्या फौजेबरोबर यात्रेकरू होते, बायका-पोरं होती, बाजारबुणगे होते. फौज एकदम फुटली म्हणून ही माणसं मारली गेली, गुलाम म्हणून नेली गेली. विश्वासराव संध्याकाळपर्यंत हत्तीवर दिसत राहिले असते, तर लढाई कदाचित तरीही गेली असती. पण फौज शिस्तीत मागे हटू शकली असती. निदान काही हजार माणसं तरी चालत घरी आली असती. जी निसटली त्यांना आसरा दिला तो सूरजमल जाटानं, ज्याला आपण दुखावला होता त्यानं. गोळीनं साम्राज्याचा निकाल लावला का, यावर वाद घालता येईल. घरी कोण पोचणार याचा निकाल मात्र तिनं लावला.

हे सगळं मी शनिवारी दुपारी बाबांना सांगत होतो. बाबा गोणीतले अंक एकेक काढून फडक्यानं पुसत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "म्हणजे संपासारखंच की."

आता इथं थोडं सांगायला हवं. आमच्या घरात पानिपत म्हणजे १८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले एक बाबा. मी तेव्हा दोन वर्षांचा. आम्ही आधी गावी गेलो, मग डोंबिवलीला आलो. आईनं पोळ्या लाटून दिल्या, बाबांनी एका सोसायटीत रात्रपाळीची वॉचमनकी धरली. लहानपणापासून मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. "संप झाला नसता ना, तर.." पुढचं वाक्य बाबा कधीच पुरं करायचे नाहीत.

आणि मी, शहाणा इंजिनीयर, काही वर्षांपूर्वी त्यांना ते पुरं करून दिलं होतं. आकडे-बिकडे देऊन. की बाबा, संप नसता झाला तरी गिरण्या बंद पडणारच होत्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. मालकांनी वर्षानुवर्षं नवीन यंत्रं घेतली नव्हती. परळ-लालबागच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव येणार हे त्यांना कळत होतं. १९८३ साली सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांचं तरी काय झालं? माझं म्हणणं चूक नव्हतं. आजही चूक नाही. पण त्या दिवशी बाबा न बोलता उठून गॅलरीत गेले होते, आणि मला ते उत्तर जिंकल्यासारखं वाटलं होतं. ती आठवण मला अजून नीट झोपू देत नाही.

म्हणून या वेळी "संपासारखंच की" ऐकल्यावर मी गप्प बसलो. बाबाच बोलले.

"गिरणी बंद पडली असती, कळतं रे मला. साचे काय हालतीत होते ते मी रोज बघत होतो, तू नाही. पण बंद पडली असती तर नोटीस लागली असती. हिशोब झाला असता. ग्रॅच्युइटी हातात घेऊन, चार जणांशी हात मिळवून, माणूस म्हणून गेटबाहेर आलो असतो. संप मागे घेतला असं कोणी सांगितलंच नाही कधी. आम्ही अजून संपावरच आहोत म्हण."

छावणीतल्या माणसांबद्दल मी जे दहा मिनिटं पाल्हाळ लावून सांगितलं, ते बाबांनी गिरणीबद्दल चार वाक्यांत सांगितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबा 'गिरणी चालू राहिली असती' असं म्हणतायत. ते म्हणत होते, 'शिस्तीत मागे हटता आलं असतं'. मी चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतो. आमच्या धंद्यात हे नेहमी होतं, ग्राहक काय मागतोय ते न ऐकताच आम्ही कोड लिहायला बसतो. पण बापाच्या बाबतीत झालं की त्याची गंमत वाटत नाही.

संध्याकाळी मी त्यांना 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला दिली. चष्मा लावून त्यांनी ती एका बैठकीत संपवली. मला वाटलं, बखरीच्या पानाबद्दल काहीतरी म्हणतील, नाहीतर त्या इंग्रजांच्या भाडेपट्ट्याबद्दल. तर म्हणाले, "तो मुलाला शोधायला जातो ना ऑफिसात, आणि ती बाई सांगते अशा नावाचं इथं कोणी नाही. तिथं मी थांबलो."

खरंच, कथेत तसं आहे. गंगाधरपंत मुंबईत उतरल्यावर आधी मुलाच्या ऑफिसात जातात, आणि तिथं विनय गायतोंडे नावाचा माणूसच नसतो. मी ही कथा कितीतरी वेळा वाचलीय, पण ती ओळ मला कधी अडली नव्हती. बाप झाल्याशिवाय ती अडत नसावी.

"गिरणी चालली असती तर तुला चौदाव्या वर्षी नाही तरी अठराव्या वर्षी चिकटवलाच असता साच्यावर," बाबा म्हणाले. "तुझं हे कॉम्प्युटरचं काही झालं नसतं. डोंबिवलीलाच आलो नसतो तर तुला त्या कॉलेजात तरी कोण घालणार होतं?"

मी विचारलं, "मग झालं ते बरंच झालं म्हणायचं का?"

"बरं कसलं?" बाबा जरा चिडलेच. "ग्रॅच्युइटी द्यायला पाहिजे होती."

इथं मी थांबलो. जर-तरच्या गोष्टी म्हणजे मनाचे मांडे, हरलेल्यांचा विरंगुळा, असं बरेच जण समजतात. तशा असतातही पुष्कळ. पण चांगली असेल तर ती गोष्ट दोन्ही गोष्टी एकदम सांगते. तुझं आजचं सगळं, तुझ्या मुलासकट, त्या गोळीवर उभं आहे, तेव्हा फार हळहळू नकोस. आणि तरीही, जे देणं होतं ते देणंच होतं. एकानं दुसरं फिटत नाही.

रद्दीवाला रविवारी सकाळी आला. आईनं त्याला जुने डबे आणि एक मोडका पंखा दिला. अंक माझ्या गाडीच्या डिकीत पुण्याला आले आहेत. थोड्याफार अंकांना वाळवी लागली आहे, ते आधी उन्हात घालतो. मग एकेक स्कॅन करायचा विचार आहे. किती होईल माहीत नाही, शनिवार-रविवार हातात आहेत तेवढे.

बाबांनी एक अंक मात्र ठेवून घेतला. कुठला ते दाखवला नाही.